कढीपत्त्यावरची अळी आणि मोबाइलमधली ॲप्स: पुण्याच्या बागेत काय चालतं, काय नाही

कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर पक्षी शिटल्यासारखा काळपट-पांढरा ठिपका दिसतो. जवळ जाऊन पाहिलं तर ती जेमतेम सेंटिमीटरभर लांबीची अळी असते. पुण्यात गच्चीवर किंवा बाल्कनीत कढीपत्त्याची कुंडी असेल तर पावसाळ्यात ही पाहुणी येतेच. फोटो काढून ॲपला विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं ‘लाईम बटरफ्लाय’. ते बरोबर असू शकतं. पण त्याच पानावर तशीच दिसणारी अळी ‘कॉमन मॉरमॉन’ या दुसऱ्या फुलपाखराचीही असते आणि या वयात मोबाइलच्या फोटोवरून दोघींमधला फरक सांगणं कठीण असतं.

या परीक्षणात चार साधनं आहेत: गूगल लेन्स, सीक, आयनॅचरलिस्ट आणि ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ हे संकेतस्थळ. चारही फुकट आहेत, त्यामुळे पैसे वसूल होतात का हा प्रश्नच नाही. वेळ वसूल होतो का, हे मात्र पाहायला हवं. आमचं मत आधीच सांगून टाकतो. पंख पसरून बसलेलं नेहमीचं फुलपाखरू ओळखायला यातलं कोणतंही साधन चालेल. अळी ओळखायची असेल तर आधी झाड ओळखावं लागतं आणि तिथे या चौघांची पत एकदम वेगवेगळी ठरते.

झाडाला इतकं महत्त्व का? फुलपाखराची मादी अंडी घालते ती पिल्लांना खाता येईल अशाच झाडावर. पानावर बसून ती पायांनी पान चाचपते, चव घेते आणि मगच अंडं चिकटवते. लाईमला कढीपत्ता, लिंबू, बेल ही मंडळी चालतात, जास्वंद चालत नाही. म्हणजे झाडाचं नाव कळलं की शेकडो शक्यतांमधून चार-पाच उरतात. फोटोवरून नाव सांगणारं कुठलंही ॲप हा प्रश्न स्वतःहून विचारत नाही. ‘ही कशावर बसली होती?’ हे आपणच आपल्याला विचारायचं.

गूगल लेन्स

पुण्यात चौकात पत्ता विचारला तर ‘माहीत नाही’ असं सहसा कोणी म्हणत नाही. लेन्स त्याच पंथाचं. फोटोसारखे दिसणारे इंटरनेटवरचे फोटो ते शोधून समोर ठेवतं, आणि ते फोटो जगात कुठलेही असू शकतात. रुईवर किंवा लाल-पिवळ्या फुलांच्या काकतुंडीवर बसलेल्या केशरी फुलपाखराला ‘मोनार्क’ असं नाव मिळालं तर ते सोडून द्या. मोनार्क मुख्यतः अमेरिकेतलं, आपल्याकडे त्याची वस्ती नाही. आपल्या बागेत असतं ते त्याचं नातेवाईक, प्लेन टायगर किंवा स्ट्राइप्ड टायगर. पुढच्या पंखाच्या टोकाशी काळा पट्टा, त्यात पांढरे ठिपके आणि बाकी पंख कोरे केशरी असतील तर प्लेन. शिरांवरून जाड काळ्या रेघा ओढलेल्या असतील तर स्ट्राइप्ड.

अळीच्या बाबतीत लेन्सवर विसंबूच नये. मात्र एका कामाला ते उत्तम आहे आणि त्यासाठी ते मोबाइलमध्ये असायलाच हवं: झाड ओळखणं. कुंपणावर आपोआप चढलेली वेल, मागच्या भाडेकरूने ठेवून दिलेली कुंडी, सोसायटीच्या माळ्यालाही नाव न सांगता येणारं झुडूप. यांच्या फुलाचा आणि पानाचा स्वतंत्र फोटो दिला तर लेन्स निदान कुळापर्यंत पोचवतं. शोभेच्या झाडांचे फोटो इंटरनेटवर रग्गड असल्याने तिथे त्याची बाजू भक्कम असते. म्हणून लेन्सने झाड शोधा आणि अळीसाठी दुसरीकडे जा.

सीक आणि आयनॅचरलिस्ट

ही दोन भावंडं आहेत. आयनॅचरलिस्ट २००८मध्ये बर्कले इथल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून सुरू झालं, २०१७मध्ये त्यात फोटोवरून नाव सुचवण्याची सोय आली, आणि २०२३पासून ती स्वतंत्र ना-नफा संस्था आहे. सीक हे त्याचं हलकं रूप. त्याला खातं लागत नाही आणि ओळखण्याचं काम ते फोनवरच करतं, म्हणून टेकडीवर रेंज नसली तरी चालतं. कॅमेरा फुलपाखरावर धरला की वर ‘कीटक’, मग ‘फुलपाखरं आणि पतंग’, मग कूळ अशा पायऱ्या चढत जातात. खात्री नसेल तर सीक मधल्याच पायरीवर थांबतं. हा त्याचा मोठा गुण आहे. शाळकरी मुलांच्या हाती द्यायचं असेल तर चौघांत हेच द्यावं. पण नोंद राहावी, पुन्हा तपासता यावी, दुसऱ्या कोणी ती पाहावी अशी इच्छा असेल तर सीक पुरत नाही.

आयनॅचरलिस्टमध्ये फोटो, तारीख आणि जागा टाकली की नावांची यादी येते. बऱ्याचदा सर्वांत वर ‘अमुक प्रजातीत आहे, याची बऱ्यापैकी खात्री आहे’ अशा अर्थाचं वाक्य असतं (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) आणि खाली जातींची नावं. काही नावांपुढे ती आसपास अपेक्षित असल्याची खूण असते. बहुतेक लोक यादीतलं पहिलं नाव दाबून मोकळे होतात. नेमकी चूक इथेच होते. वरचं ‘खात्री आहे’ हे वाक्य जास्त भरवशाचं असतं. शंका असेल तर जातीचं नाव न निवडता प्रजाती किंवा कूळ निवडा. कढीपत्त्यावरच्या त्या अळीला ‘पॅपिलिओ’ (लाईम आणि मॉरमॉन या दोघांचीही प्रजाती) एवढंच नाव द्या. ते शंभर टक्के खरं असेल आणि पुढे कोणाला तरी ते बारीक करता येईल.

अळीच्या बाबतीत सूचना कच्च्या का पडतात, यालाही कारण आहे. हे यंत्र शिकतं ते लोकांनी टाकलेल्या फोटोंवरून. एखाद्या जातीचे साधारण १०० फोटो जमले की ती यंत्राच्या ओळखीत येते. पण ते १०० बहुतेक उडत्या फुलपाखरांचे असतात. अळीचे, कोषाचे, अंड्याचे फोटो त्या मानाने फार थोडे, आणि अळीचा रंग तर दर कातीला बदलतो. फुलपाखरू पाहून शिकलेल्याला अळी दाखवायची म्हणजे बारशाचा फोटो पाहून माणूस ओळखायला सांगण्यासारखं आहे.

दुसरी मर्यादा माणसांची. किमान दोन जणांनी जातीचं एकच नाव दिलं आणि मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक जण त्याच्याशी सहमत असले, की नोंद ‘रिसर्च ग्रेड’ होते. ती पुढे जागतिक जैवविविधता माहितीसाठ्यात जाते. हा शिक्का म्हणजे तज्ज्ञाचं प्रमाणपत्र नव्हे. दुसऱ्याने नीट न पाहता ‘सहमत’ दाबलं असेल तरी शिक्का तोच बसतो. ज्यांनी नाव दिलं त्यांनी त्याच कुळातल्या किती नोंदी तपासल्या आहेत हे त्यांच्या पानावर दिसतं, ते बघण्याची सवय लावावी.

खातं उघडताच करायच्या दोन-तीन गोष्टी आहेत. घरच्या बाल्कनीतली नोंद टाकताना जागेच्या रकान्यात ‘अस्पष्ट’ हा पर्याय निवडा. मग नेमका ठिपका लपतो आणि सुमारे २२ किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनात कुठेतरी दिसतो. कोथरूडच्या घराचा पत्ता अख्ख्या पुण्यात हरवून जातो. नोंदीत जीवनावस्था भरायचा रकाना असतो, त्यात ‘अंडं’, ‘अळी’, ‘कोष’ किंवा ‘प्रौढ’ नक्की भरा. पुढे पुण्यात फक्त अळ्यांच्या नोंदी शोधायच्या असतील तर त्याच्यावरच गाळणी लागते. आणि एक नोंद म्हणजे एका दिवशी दिसलेला एक जीव. आज दिसलेल्या अळीचा आणि दहा दिवसांनी झालेल्या कोषाचा फोटो एकाच नोंदीत कोंबू नका. दोन नोंदी करा आणि टिपणीत एकीचा दुवा दुसरीत द्या. कुंडीतलं झाड लावलेलं असलं तरी त्यावर आपणहून आलेली अळी रानटीच धरतात, तिथे ‘पाळीव’ची खूण करायची नाही.

बटरफ्लाइज ऑफ इंडिया

फोटो टाकला की नाव देणारं हे यंत्र नाही, त्यामुळे घाईतला माणूस पाच मिनिटांत बाहेर पडतो. त्याचं नुकसान होतं. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रातले कृष्णमेघ कुंटे आणि त्यांचे सहकारी हे संकेतस्थळ चालवतात. फुलपाखरांच्या अभ्यासात कुंट्यांचं नाव काय आहे ते वेगळं सांगायला नको, आणि ते मूळचे पुण्याचे, हे इथल्या वाचकाला बरं वाटेल. भारतात १३००हून अधिक जातींची फुलपाखरं आहेत. प्रत्येक जातीच्या पानावर नर, मादी, पंख मिटलेलं, पंख उघडलेलं, ओल्या आणि कोरड्या ऋतूतलं अशी रूपं वेगवेगळी दिसतात. फोटो तारीख-जागेसह असतात आणि तपासून घेतलेले असतात. अनेक जातींच्या पानांवर अंडं, अळी आणि कोष यांचे फोटो आणि अळीच्या खाद्यवनस्पतींची यादीही मिळते. कढीपत्त्यावरची शंका फेडायला अशी यादी दुसऱ्या कुठल्याच ॲपमध्ये इतक्या सरळ हाती लागत नाही.

अडचणी दोन. पहिली भाषेची. सगळं इंग्रजी आणि लॅटिन. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाने फुलपाखरांना मराठी नावं दिली आहेत. ब्लू मॉरमॉन म्हणजे ‘निलवंत’, २०१५मध्ये जाहीर झालेलं आपलं राज्य फुलपाखरू. कॉमन जेझबेल म्हणजे ‘हळदीकुंकू’. पण या नावांनी शोध घेताना गंमत होते. काकतुंडीलाही पुष्कळ जण हळदीकुंकूच म्हणतात. आता ‘हळदीकुंकवावर अळ्या पडल्यात’ असं कोणी म्हटलं, तर त्या अळ्या प्लेन टायगरच्या असतात. हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्या वाढतात आंब्या-बिंब्याच्या फांदीवर माजलेल्या बांडगुळावर, म्हणजे डोक्याच्या कितीतरी वर. म्हणून शोध घेताना इंग्रजी किंवा लॅटिन नाव वापरणंच सोयीचं.

दुसरी अडचण आणखी फसवी आहे. झाडांची लॅटिन नावं बदलत राहतात. कढीपत्ता जुन्या याद्यांत ‘मुराया’ असतो, नव्यांत ‘बर्जेरा’. पानफुटी कुठे ‘ब्रायोफायलम’, कुठे ‘कलांचो’. सोसायट्यांच्या कुंपणाला सरळसोट उभा असतो तो खोटा अशोक पूर्वी ‘पॉलिअल्थिया’ होता, आता ‘मोनून’ झालाय. हरणदोडीचं ‘वट्टाकाका’ हे नाव कानाला गोड, तेही ‘ड्रेजिया’च्या आड गेलं. लेन्सने दिलेल्या नावाने काही सापडलं नाही तर याचा अर्थ अळी नाही असा होत नाही. झाडाचं जुनं नाव शोधा आणि पुन्हा बघा.

आम्ही सुचवतो तो क्रम असा: लेन्सवर झाड, बटरफ्लाइज ऑफ इंडियावर त्या झाडावरचे पाहुणे, आणि मग आयनॅचरलिस्टवर नोंद. पहिल्या वेळी पंधरा मिनिटं लागतात. बागेत झाडं तीच असल्याने नंतर दोन मिनिटं पुरतात.

फोटो कसा हवा

यातलं कुठलंही साधन फोटोइतकंच चांगलं चालतं. फुलपाखराचे दोन फोटो हवेत, पंख उघडलेला आणि मिटलेला. सकाळी नऊ ते अकराच्या सुमारास ती ऊन खात पंख पसरून बसतात तेव्हा वरची बाजू मिळते, दुपारी मधावर असताना खालची. अळीला चार लागतात: वरून, बाजूने, डोक्याचा, आणि चौथा म्हणजे अख्ख्या झाडाचा. हा चौथा लोक हमखास विसरतात. फोन अळीला चिकटवू नका. अगदी जवळ गेलं की बरेच फोन आपोआप रुंद भिंगावर जातात आणि कडा वितळतात. १५–२० सेंटिमीटरवरून दुप्पट झूम करा आणि नंतर कापा. फ्लॅश बंद ठेवा, मेणचट कातडीवर त्याची चकाकी येते आणि रंग खोटा दिसतो. मागे आलेखाच्या कागदाचा तुकडा धरला तर मिलिमीटर मोजता येतात, नाण्यापेक्षा ते बरं.

सूचना मागण्याआधी फोटो अळीभोवती घट्ट कापा. आंब्याच्या पानावर कॉमन बॅरनची अळी असेल तर याचा अर्थ कळतो. ती हिरवी, मध्ये पिवळसर रेघ, दोन्ही बाजूंना पिसांसारखे पसरट काटे, आणि पानाच्या मधल्या शिरेवर स्वतःची रेघ जुळवून पडलेली. न कापलेल्या फोटोत यंत्राला दिसतो तो निव्वळ आंबा.

पुण्याच्या बागेतले नेहमीचे घोटाळे

शिंगं मोजण्याचा एक हुकमी उपाय आहे, आणि तो कुठल्याही ॲपपेक्षा लवकर होतो. टायगर आणि क्रो मंडळींच्या अळ्यांच्या पाठीवर शिंगांसारखे मऊ, काळे धागे जोडीजोडीने असतात. दोन जोड्या असतील तर ब्लू टायगर, बहुतेक हरणदोडीवर. तीन असतील तर प्लेन किंवा स्ट्राइप्ड टायगर. रुई आणि काकतुंडीवर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची दिसते ती सहसा प्लेन. चार जोड्या असतील तर कॉमन क्रो, कण्हेरीवर, आणि तिचा कोष चांदीचा मुलामा दिल्यासारखा चमकतो. फोटोत एखादी जोडी पानाआड गेली की यंत्र फसतं. आपण वाकून मोजू शकतो.

त्याच कण्हेरीवर किंवा तगरीवर बोटाएवढी जाड हिरवी अळी, डोक्यामागे दोन निळे डोळे आणि शेपटीवर एक आखूड शिंग असं काही दिसलं तर ते फुलपाखरू नव्हे. तो ओलिअँडर हॉकमॉथ नावाचा पतंग. शेपटीवर एकच शिंग ही हॉकमॉथांची खूण. कोषात जाण्याआधी ही हिरवी अळी तपकिरी पडते आणि खाली उतरून जमिनीवर भटकते. तेव्हा काढलेला फोटो बरोबर ओळखला जाण्याची आशा ठेवू नका. पतंगांसाठी ‘मॉथ्स ऑफ इंडिया’ हे भावंड संकेतस्थळ वापरा. फुलपाखरांच्या यादीत पतंगाची अळी शोधत बसण्यात अख्खा रविवार जातो. लिलीच्या पानांवर काळ्या अंगाची, पांढऱ्या-लाल ठिपक्यांची जी टोळी पडते तीही पतंगाचीच.

पानफुटीची गोष्ट निराळी. जाड पानावर फिकट, फुगीर डाग दिसतो आणि लोकांना तो बुरशीचा वाटतो. पान तोडून उन्हासमोर धरा: आत पोकळ बोगदा, काळ्या दाण्यांसारखी विष्ठा आणि टोकाशी दडलेली रेड पिएरोची अळी. ती पानाच्या आतच खात वाढते, त्यामुळे ॲपला दाखवायला बाहेर काहीच नसतं. काळ्या-पांढऱ्या मिटल्या पंखांवर नारिंगी मोठा डाग असलेलं छोटंसं फुलपाखरू कुंडीभोवती घुटमळत असेल तर उत्तर मिळालं.

सायकसला नवी पानं फुटली की दोन-चार दिवसांत ती चाळणी होतात, आणि माळी फवारणीचा पंप घेऊन येतो. कोवळ्या वळलेल्या पानांत मुंग्यांची ये-जा असेल तर मुंग्या जिथे थांबतात तिथे पाहा. प्लेन्स क्युपिडची बारीक चपटी अळी तिथे असते आणि मुंग्या तिच्या अंगातून पाझरणारा गोड रस पितात. डाळिंबाला गोल भोक आणि खाली ओली विष्ठा असेल तर आत अनार बटरफ्लायची अळी आहे. हळदीच्या कुंडीत पान कापून, दुमडून, रेशमाने शिवलेलं असेल तर ग्रास डेमन. या तिन्ही ठिकाणी फोटो नुकसानीचा काढा, अळीचा नंतर.

बहाव्यावर आणि टाकळ्यासारख्या झुडपांवर हिरव्या, नितळ अळ्यांचा गोंधळ असतो. एकेकटी, हिरव्या डोक्याची छोटी अळी बहुधा कॉमन ग्रास यलोची. काळ्या डोक्याच्या अळ्या घोळक्याने असतील तर थ्री-स्पॉट ग्रास यलो. तिथली सर्वांत मोठी, बाजूने फिकट रेघ असलेली अळी इमिग्रंट फुलपाखरांपैकी. एवढं डोळ्याने कळतं, मग यंत्राला विचारायचं.

आता उडणाऱ्यांपैकी दोन. प्लेन टायगरसारखी दिसणारी डॅनेइड एगफ्लायची मादी सर्वांना फसवते, यंत्रालाही. मागच्या पंखाच्या मधोमध तीन-चार काळे ठिपके असतील तर प्लेन टायगर. मधला भाग कोरा आणि पंखाच्या वरच्या कडेला एकच काळा ठिपका असेल तर एगफ्लाय. प्लेन टायगरच्या अंगात रुईच्या चिकातलं विष असतं, पक्षी त्याला टाळतात, आणि एगफ्लाय तोच सदरा घालून फुकट सुरक्षित राहते. तिची अळी घोळावर वाढते. कॉमन मॉरमॉनच्या माद्याही अशाच बहुरूपी: काही नरासारख्या, काही कॉमन रोझसारख्या, काही क्रिमसन रोझसारख्या. पंख बघू नका, अंग बघा. अंग लाल असेल तर रोझ, काळं असेल तर मॉरमॉन. म्हणून फोटोत धड यायलाच हवं. फुलात तोंड खुपसलेल्या, नुसत्या पंखांच्या फोटोवर नाव देऊ नये.

संध्याकाळी दिव्याशी येणाऱ्या कॉमन इव्हनिंग ब्राउनला पावसाळ्यात पंखाखाली डोळ्यांसारखे ठळक ठिपके असतात आणि हिवाळ्यात ते जवळपास नाहीसे होऊन तो सुकलं पान बनतो. जानेवारीतल्या फोटोची तुलना ऑगस्टमधल्या फोटोशी केली की दोन जाती वाटतात. संकेतस्थळावर ऋतूंची रूपं वेगळी पाहायची ती यासाठी.

अळ्यांना हात लावण्याबद्दल थोडंसं. नितळ अळी निरुपद्रवी असते. केसाळ सुरवंट आणि काटेरी हिरव्या ‘स्लग’ अळ्यांमुळे खाज सुटते, काहींमुळे चांगलंच भाजतं. पावसाळ्यात शेवग्याच्या खोडावर गठ्ठ्याने बसणारे सुरवंट पतंगाचे. केस टोचले तर चोळू नका. चिकटपट्टी लावून उपटा, साबणाने धुवा, थंड पट्टी ठेवा. डोळ्यात गेले तर डॉक्टरच. आणि मोहरी किंवा मुळ्यावरच्या ‘अळी’चे पोटपाय मोजा. फुलपाखरं-पतंगांच्या अळ्यांना ते जास्तीत जास्त पाच जोड्या असतात. सहा किंवा अधिक असतील तर ती सॉफ्लाय या माशीची अळी. कोणत्याही फुलपाखराच्या यादीत ती सापडणार नाही.

शेवटचा पंच: थांबणं

चारही साधनं हरली की फुलपाखरू बाहेर येईपर्यंत वाट पाहायची. अळी घरात आणण्याची गरज नसते. फांदीवरच मलमलीची किंवा मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी चढवा, तोंड दोऱ्याने बांधा. आत आठवड्याची पानं पुरतील एवढी फांदी हवी. बरणी वापरायचीच असेल तर तोंडावर कापड, तळाला टिश्यू, रोज ताजी पानं, रोज विष्ठा साफ आणि आत पाण्याचा थेंबही नको. ओलाव्याने बुरशी येते आणि अळी सडते. नर्सरीतून आणलेली पानं देऊ नका, त्यांवर कीटकनाशक असू शकतं आणि अळी दोन दिवसांत काळी पडते. काही जाती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या परिशिष्टांत आहेत, म्हणून रानातून अळ्या गोळा करून आणणं टाळाच.

उन्हाळी-पावसाळी हवेत लाईमचं अंडं तीन-चार दिवसांत फुटतं, अळी साधारण दोन आठवडे खाते, मग आठ-दहा दिवस कोष. मधल्या काळात अळीभोवती तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे कोष दिसले तर परजीवी गांधीलमाशीने आधीच अंडी घातली होती. हाताळण्यात काही चुकलेलं नसतं. कोष काळसर झाला म्हणून फेकू नका. पंखांची नक्षी आतून दिसत असेल तर फुलपाखरू चोवीस तासांत येतं. मऊ, चिंब आणि वास मारणारा कोष मात्र मेलेला. कोषाखाली हातभर मोकळी जागा ठेवा, पंख खाली लोंबकळत सुकायला तास-दोन तास लागतात; जागा नसली तर ते चुरगळलेलेच राहतात.

कढीपत्त्यावरची ती अळी या वेळेपर्यंत उत्तर देते. मागच्या पंखाला शेपटी असेल तर कॉमन मॉरमॉन, नसेल तर लाईम. क्वचित, आकाराने दीडपट आणि मागच्या पंखांवर फिकट निळा पट्टा असलेला निलवंतही निघतो, विशेषतः झाड लिंबू किंवा पपनसाचं असेल तर. आयनॅचरलिस्टवर त्या जुन्या ‘पॅपिलिओ’ नोंदीवर परत जा, नवं नाव घाला, खाली फुलपाखराच्या नोंदीचा दुवा डकवा आणि ‘अळीपासून वाढवलं’ असं टिपणीत स्पष्ट लिहा.

गुण द्यायचे तर अळ्यांसाठी बटरफ्लाइज ऑफ इंडियाला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण मराठी नसल्याबद्दल कापला. आयनॅचरलिस्टला चार, सीकला साडेतीन. लेन्सला अळीसाठी दीड, झाडासाठी चार.